राधानाथ सिकदर : एव्हरेस्टचे गणित मांडणारा माणूस

जगातील सर्वांत उंच शिखर कोणते, हे आपल्या शाळेतल्या सहावीच्या कॅडेटलाही सांगता येते. ज्यांचे नाव त्या शिखराला दिले आहे ते सर जॉर्ज एव्हरेस्ट हे भारताचे सर्व्हेयर जनरल होते, हेही बऱ्याच जणांना माहीत असते. पण एव्हरेस्ट साहेबांनी ते शिखर कधी मोजले नाही. १८४३ साली ते निवृत्त होऊन इंग्लंडला परत गेले आणि शिखराची निरीक्षणे त्यानंतर सहा-सात वर्षांनी घेतली गेली. त्या काळात सर्वेक्षण खात्याचे मुख्य गणक होते कोलकात्याचे एक बंगाली गृहस्थ. त्यांचे नाव राधानाथ सिकदर.

वडिलांच्या बदलीमुळे दोन वर्षांपासून आमचे घर कोलकात्याच्या न्यू टाउन भागात आहे. सुट्टीत मी तिथे जातो. सह्याद्री बघत वाढलेल्या माणसाला न्यू टाउनमध्ये पहिली गोष्ट जाणवते ती ही, की इथे डोंगर नाही. आमच्या इमारतीच्या गच्चीवरून चारही बाजूंना पाहिले तरी उंच इमारती, इको पार्कचे तळे, विश्व बांग्ला गेटची कमान आणि पलीकडे सपाट हिरवी जमीन. टेकडीसुद्धा नाही. अशा शहरातल्या माणसाने जगातल्या सर्वांत उंच डोंगराचे गणित केले, हे कळल्यावर मला त्याच्याविषयी वाचावेसे वाटले. त्यातून हा लेख तयार झाला.

राधानाथ यांचा जन्म १८१३ मध्ये कोलकात्याच्या जोडासांको भागात झाला. रवींद्रनाथ टागोरांचे घर असलेला हाच तो भाग. वडिलांचे नाव तीतुराम. घरची परिस्थिती बेताची होती, त्यामुळे शिष्यवृत्तीवर शिक्षण करावे लागले. १८२४ मध्ये ते हिंदू कॉलेजात दाखल झाले. तिथे हेन्री डेरोझिओ हे तरुण शिक्षक होते. प्रत्येक गोष्टीला प्रश्न विचारा, पटले तरच माना, अशी त्यांची शिकवण होती. गणित शिकवायला डॉ. जॉन टायटलर होते. त्यांच्याकडे राधानाथ न्यूटनचा 'प्रिन्सिपिया' हा ग्रंथ शिकले. हा ग्रंथ अभ्यासणाऱ्या पहिल्या काही भारतीयांमध्ये त्यांची गणना होते. प्रश्न विचारायची सवय एका गुरूकडून आणि उत्तर आकड्यांत काढायची सवय दुसऱ्याकडून, असे दोन संस्कार त्यांच्यावर झाले. पुढच्या आयुष्यात ते दोन्ही दिसतात.

डिसेंबर १८३१ मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी, ते ग्रेट ट्रिगोनोमेट्रिकल सर्व्हे या खात्यात रुजू झाले. पगार महिना ३० रुपये. पदाचे नाव होते 'कॉम्प्युटर'. त्या काळी कॉम्प्युटर म्हणजे यंत्र नव्हे, आकडेमोड करणारा माणूस.

या खात्याचे काम काय होते, ते आधी सांगायला हवे. १८०२ मध्ये विल्यम लॅम्बटन या पायदळातल्या अधिकाऱ्याने मद्रासजवळ एक सरळ रेषा मोजली आणि तिच्यावर त्रिकोण उभारायला सुरुवात केली. आठवीच्या भूमितीतली साधी गोष्ट आहे. त्रिकोणाची एक बाजू आणि तिच्या दोन्ही टोकांचे कोन माहीत असले की उरलेल्या दोन बाजू न मोजता काढता येतात. मग त्यांतली एक बाजू पुढच्या त्रिकोणाचा पाया होते. असे त्रिकोणाला त्रिकोण जोडत दक्षिणेच्या टोकापासून हिमालयापर्यंत जायचे. लॅम्बटनने वीस वर्षे हे काम केले आणि काम चालू असतानाच १८२३ मध्ये आपल्या महाराष्ट्रात, वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाट येथे त्याचा मृत्यू झाला. त्याच्यानंतर काम एव्हरेस्ट यांच्याकडे आले.

या पद्धतीत एक धोका आहे. पहिली रेषा चुकली तर तिच्यावर उभे असलेले सगळे त्रिकोण चुकतात. म्हणून पायाची रेषा, म्हणजे बेसलाइन, मोजण्यासाठी जी साधने वापरत त्यांची काळजी एखाद्या आजारी माणसासारखी घेतली जाई.

राधानाथ नोकरीला लागले त्याच हिवाळ्यात, १८३१–३२ मध्ये, कोलकात्यात अशी एक बेसलाइन मोजली जात होती. आजच्या बी. टी. रोडच्या, म्हणजे बराकपूर ट्रंक रोडच्या कडेने ती जात होती. लांबी सहा मैलांहून जास्त, म्हणजे सुमारे दहा किलोमीटर. तिच्या दोन टोकांना विटांचे दोन उंच मनोरे बांधले होते, कारण सपाट जमिनीवर झाडांच्या वरून पाहायचे तर उंचावर चढण्याशिवाय उपाय नव्हता. एक मनोरा पाइकपाड्याजवळ आणि दुसरा सुखचर येथे. दोन्ही अजून उभे आहेत. मागच्या सुट्टीत मी वडिलांबरोबर न्यू टाउनहून पाइकपाड्याचा मनोरा पाहायला गेलो. बी. टी. रोडवर बस, रिक्षा, ट्रक यांची इतकी गर्दी असते की मनोऱ्याकडे कोणी मान वर करून बघत नाही. आम्ही ज्यांना विचारले त्यांतल्या एकाला तो जुना दिवा वाटत होता, दुसऱ्याला पाण्याची टाकी. ज्या रस्त्यावरून आज गाड्या धावतात, त्या रस्त्याची लांबी एके काळी इंचाच्या बारीक भागांपर्यंत मोजली होती, हे मनोऱ्याखाली उभे राहून वाचलेले आठवले तेव्हा मला खरे वाटू लागले.

मोजायला टेप वापरली असेल असे कोणाला वाटेल. आधी लोखंडी साखळ्या वापरत, पण धातू उन्हात वाढतो. दहा किलोमीटर लांबीचे लोखंडी माप आपण कल्पनेत घेतले आणि सकाळपासून दुपारपर्यंत तापमान १० अंश सेल्सिअसने वाढले, तर त्या मापाची लांबी सुमारे सव्वा मीटरने बदलेल. म्हणून कोलकात्याच्या बेसलाइनसाठी इंग्लंडहून कोल्बी यांनी तयार केलेल्या पट्ट्या आणल्या होत्या. भारतात त्या पहिल्यांदा इथेच वापरल्या गेल्या. एक पितळेची आणि एक लोखंडाची पट्टी शेजारी शेजारी ठेवून मध्यभागी घट्ट जोडलेली असे. टोकांना दोन्ही पट्ट्यांना मिळून एक छोटी पोलादी जीभ बसवलेली. ऊन वाढले की पितळ जास्त पसरते, लोखंड कमी. त्यामुळे जीभ किंचित तिरकी होते, पण तिच्या पुढच्या टोकावर कोरलेला बारीक ठिपका जागचा हलत नाही. अशा दोन ठिपक्यांमधले अंतर बरोबर दहा फूट. ऊन असो की सावली, दहा फूट ते दहा फूटच. दोन धातूंच्या दोषांतून एक निर्दोष माप तयार करण्याची ही युक्ती मला फार आवडली.

कोन मोजायचे साधन म्हणजे थिओडोलाइट. तिवईवर बसवलेली दुर्बीण, तिच्याखाली अंश कोरलेले आडवे चक्र आणि बाजूला उभे चक्र. दुर्बिणीतून खूण बघायची आणि चक्रावरचा आकडा वाचायचा. मॅप रीडिंगच्या तासाला आपण जो प्रिझमॅटिक कंपास वापरतो, त्याने अर्ध्या अंशापर्यंत दिशा वाचता येते. सर्वेक्षणाच्या थिओडोलाइटने अंशाचा ३,६०० वा भाग, म्हणजे एक सेकंद, याचा हिशेब ठेवावा लागे. लॅम्बटनच्या मोठ्या थिओडोलाइटचे चक्र ३६ इंचांचे होते आणि वजन सुमारे अर्धा टन. ते लंडनहून येताना वाटेत फ्रेंचांनी पकडले, मॉरिशसला नेले आणि शास्त्राचे उपकरण म्हणून सन्मानाने परत पाठवले. १८०८ मध्ये तंजावरच्या मंदिराच्या गोपुरावर चढवताना दोर तुटला आणि ते भिंतीवर आपटले. चक्र वाकले. लॅम्बटनने तंबूत बसून सहा आठवडे ठोकून-ठाकून ते सरळ केले. पुढे याच यंत्राची नव्याने उभारणी करण्यात अर्काटचे कारागीर सय्यद मीर मोहसीन हुसेन यांचा मोठा वाटा होता. एव्हरेस्ट यांनीच त्यांना कोलकात्याला आणले होते आणि नंतर ते खात्याचे मुख्य उपकरण-कारागीर झाले.

साधनाची अचूकता म्हणजे काय, हे नुसते वाचून पुरते समजत नाही. म्हणून न्यू टाउनमध्ये मी आमच्याच इमारतीची उंची मोजून पाहिली. कोनमापक, दोरा, दोऱ्याला बांधलेला एक नट आणि नजर लावायला स्ट्रॉ, एवढे साहित्य. इमारतीच्या पायापासून टेपने ६० मीटर अंतर घेतले आणि गच्चीच्या कठड्याचा कोन वाचला. पाच वेळा वाचला, तर तो साडेपस्तीस ते साडेछत्तीस अंशांच्या दरम्यान येत होता. ३६ अंश धरले तर उंची ४३.६ मीटर, त्यात माझ्या डोळ्याची उंची दीड मीटर मिळवली की सुमारे ४५ मीटर. पण अर्धा अंश इकडेतिकडे झाला की उत्तर ८० सेंटिमीटरने बदलते. हे फक्त ६० मीटर अंतरावरून. सर्वेक्षणाच्या लोकांनी हिमालय शंभराहून जास्त मैलांवरून मोजला.

राधानाथ पुढे एव्हरेस्ट यांच्याबरोबर देहरादूनला गेले आणि तिथे बरीच वर्षे राहिले. त्यांना बाहेर उन्हात निरीक्षणेही घ्यावी लागत आणि रात्री गणितही करावे लागे. एव्हरेस्ट हे अतिशय तापट आणि कामात काटेकोर म्हणून प्रसिद्ध होते, पण राधानाथ यांच्याविषयी त्यांचे मत फार चांगले होते. राधानाथ यांनी डेप्युटी कलेक्टरची नोकरी मिळते का म्हणून प्रयत्न केला, तेव्हा एव्हरेस्ट यांनी त्यांना सोडायला नकार दिला. असा दुसरा गणक मिळणार नाही, हे त्यांनी वरिष्ठांना कळवले. एवढेच नाही तर राधानाथ यांच्या वडिलांना पत्र लिहून अशा मुलाबद्दल त्यांचा सन्मान केला आणि त्यांना देहरादूनला येण्याचे आमंत्रण दिले.

१८४३ मध्ये देहरादूनला एक प्रसंग घडला. तो आपण सर्वांनी माहीत करून घ्यावा असा आहे. व्हॅन्सिटार्ट नावाचे इंग्रज मॅजिस्ट्रेट दौऱ्यावर होते. त्यांच्या माणसांनी सर्वेक्षण खात्याच्या हमालांना पकडून साहेबांचे सामान वाहायला लावले. मजुरी नाही, परवानगी नाही. अशी वेठबिगार तेव्हा सर्रास चालत असे. राधानाथ यांनी ते पाहिले आणि सामान खाली ठेवायला लावले. ही माणसे आपल्या खात्याची आहेत, त्यांच्याकडून फुकट काम करून घेण्याचा कोणालाही अधिकार नाही, अशी त्यांची भूमिका होती. मॅजिस्ट्रेट रागावले. प्रकरण न्यायालयात गेले. आपल्या माणसांसाठी उभे राहिल्याबद्दल राधानाथ यांनाच २०० रुपये दंड झाला. पण खटला चालला तेव्हा वेठबिगारीची गोष्ट उघड झाली आणि कोलकात्याच्या 'बेंगॉल स्पेक्टेटर' या पत्रात ती सविस्तर छापली गेली. ज्या माणसाने आयुष्यभर सेकंदाचा हिशेब ठेवला, त्याला अन्यायसुद्धा मोजता येत होता. आपल्याकडे प्लॅटून कमांडरला पहिली गोष्ट शिकवतात ती ही, की आधी आपल्या माणसांची काळजी घे. राधानाथ यांच्या अंगावर वर्दी नव्हती, तरी त्यांनी ते केले.

१८४९ मध्ये मुख्य गणक म्हणून राधानाथ यांची बदली कोलकात्याला झाली. एव्हरेस्ट यांच्या जागी आता अँड्र्यू वॉ हे सर्व्हेयर जनरल होते. त्याच सुमारास हिमालयातल्या शिखरांची निरीक्षणे जोरात चालू होती. तोवर कांचनगंगा सर्वांत उंच मानले जात होते, त्याच्याही आधी धवलगिरी. नेपाळमध्ये जायला परवानगी नव्हती, त्यामुळे बिहारच्या मैदानातूनच मोजायचे. नोव्हेंबर १८४९ ते जानेवारी १८५० या काळात जेम्स निकोल्सन यांनी २४ इंची थिओडोलाइट घेऊन सहा ठिकाणांहून शिखर क्रमांक १५ पाहिले. तराईचा पाऊस आणि हिवताप माणसांना खात होता. खलाशी, हमाल, मनोरे बांधणारे गवंडी यांतले कितीतरी दगावले. त्यांची नावे कुठेच सापडत नाहीत.

निकोल्सन यांच्या दुर्बिणीत ते शिखर कसे दिसत असेल? मी हिशेब केला. ११० मैलांवरून ते क्षितिजाच्या वर जेमतेम दोन अंश दिसते. हात लांब करून धरलेल्या करंगळीच्या रुंदीपेक्षा थोडे जास्त. कारण पृथ्वी गोल असल्यामुळे इतक्या अंतरावर डोंगराचा खालचा सुमारे ८,००० फुटांचा भाग क्षितिजाखाली बुडालेला असतो. त्यात भर म्हणजे हवेतून येताना प्रकाशाचा किरण वाकतो, त्यामुळे शिखर आहे त्यापेक्षा वर दिसते. हा फरकही हजार फुटांच्या आसपास जातो आणि सकाळ, दुपार, थंडी, ऊन यांप्रमाणे बदलतो. आणि कोन वाचताना एका सेकंदाची चूक झाली तर उंचीत जवळपास तीन फुटांचा फरक पडतो. म्हणजे दुर्बिणीतून कोन वाचला की काम संपत नव्हते. खरे काम तिथून सुरू होत होते, आणि ते गणकांचे होते.

कोलकाता आणि देहरादून येथील कचेऱ्यांत हे गणित झाले. देहरादूनला जॉन हेनेसी होते, कोलकात्याला राधानाथ. सहा ठिकाणांहून सहा उंच्या आल्या. सर्वांत कमी सुमारे २८,९९० फूट, सर्वांत जास्त सुमारे २९,०२६ फूट. सहाही आकड्यांची सरासरी २९,००२ फूट. कांचनगंगेपेक्षा हे शिखर बरेच उंच ठरले. हे १८५२ च्या सुमाराचे. वॉ यांनी मात्र लगेच जाहीर केले नाही. किरण वाकण्याचा हिशेब पुन्हा पुन्हा तपासला गेला आणि मार्च १८५६ मध्ये जगाला कळवण्यात आले. त्याच वेळी वॉ यांनी शिखराला आपल्या आधीच्या साहेबांचे नाव सुचवले. खात्याचा नियम होता की स्थानिक नाव असेल तर तेच ठेवायचे. तिबेटी लोक त्या शिखराला चोमोलुंगमा म्हणत होते, पण तरीही एव्हरेस्ट हेच नाव १८६५ मध्ये पक्के झाले.

या शोधाविषयी दोन गोष्टी नेहमी सांगितल्या जातात. एक अशी, की राधानाथ धावत वॉ यांच्या खोलीत गेले आणि जगातले सर्वांत उंच शिखर सापडल्याची बातमी दिली. ऐकायला छान आहे, पण तेव्हा वॉ देहरादूनला आणि राधानाथ कोलकात्याला होते. धावत जायला ते अंतर जरा जास्तच आहे! दुसरी गोष्ट अशी, की उत्तर बरोबर २९,००० फूट आले होते, पण लोकांना तो अंदाज वाटेल म्हणून दोन फूट वाढवले. मी सहाही आकडे मिळवून सहाने भागून पाहिले. सरासरी खरोखरच २९,००२ येते. ज्यांनी एकेका सेकंदासाठी रात्री जागवल्या, त्यांनी लोकांना पटावे म्हणून दोन फूट घातले असतील, हे मला पटत नाही. थोर माणसाची थोरवी सांगायला खोट्या गोष्टीची गरज नसते.

आज उपग्रहांच्या मदतीने मोजलेली आणि डिसेंबर २०२० मध्ये नेपाळ आणि चीन यांनी जाहीर केलेली उंची ८,८४८.८६ मीटर आहे. २९,००२ फूट म्हणजे सुमारे ८,८४० मीटर. फरक फक्त नऊ मीटरचा. शिखराजवळ न जाता, लेखणी, कागद आणि लॉगॅरिथमच्या कोष्टकांवर!

शिखराचे गणित झाल्यावर राधानाथ स्वस्थ बसले नाहीत. कोलकात्याच्या हवामान वेधशाळेचे काम त्यांच्याकडे आले. तिथले मुख्य साधन म्हणजे बॅरोमीटर. नळीतला पारा किती वर चढला यावरून हवेचा दाब कळतो. पण कोलकात्याच्या उकाड्यात पारा आणि पितळी पट्टी दोन्ही पसरतात, त्यामुळे वाचलेला आकडा खरा नसतो. ३० अंश तापमानाला हा फरक साडेतीन मिलिमीटरहून जास्त असतो. बॅरोमीटरने उंची काढणाऱ्याच्या बाबतीत एवढ्या फरकाने ४० मीटरची चूक होऊ शकते. म्हणून जगभर हे आकडे ३२ अंश फॅरनहाइट, म्हणजे बर्फाच्या तापमानाला बदलून लिहितात. राधानाथ यांनी हे बदल करण्याचे स्वतःचे सूत्र तयार केले आणि एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध केले. वेधशाळेतल्या तासातासाच्या नोंदीही तिथे छापल्या जाऊ लागल्या. वादळाचा इशारा देण्यासाठी आणि नौकांच्या सुरक्षिततेसाठी अशा नोंदी किती लागतात, हे बंगालच्या उपसागराजवळ राहणाऱ्या माणसाला सांगावे लागत नाही. न्यू टाउनमध्ये चक्रीवादळ येणार असले की आमच्या सोसायटीत आदल्या दिवशीच कुंड्या आत घेण्याची सूचना लागते.

१८५४ मध्ये त्यांनी प्यारीचाँद मित्र या मित्राबरोबर 'मासिक पत्रिका' नावाचे बंगाली मासिक सुरू केले. ते खास स्त्रियांसाठी होते. त्या काळची छापील बंगाली संस्कृत शब्दांनी इतकी जड असे की घरातल्या बायकांना ती कळत नसे. या मासिकात बोलण्यासारखी सोपी भाषा वापरली जाई. सेकंदाचा हिशेब करणारा गणिती घरच्या भाषेत लिहायचा आग्रह धरतो, ही गोष्ट आपल्या मासिकाच्या मराठी पानासाठी महत्त्वाची वाटली म्हणून इथे नोंदवतो.

१८६२ मध्ये निवृत्त झाल्यावर त्यांनी जनरल असेंब्लीज इन्स्टिट्यूशनमध्ये, म्हणजे आजच्या स्कॉटिश चर्च कॉलेजात, गणित शिकवले. १८६४ मध्ये जर्मनीतल्या बव्हेरियाच्या विद्वत्सभेने त्यांना आपले सभासद करून घेतले. १७ मे १८७० रोजी चंदननगरच्या गोंदलपाडा येथे त्यांचे निधन झाले.

निधनानंतर पाच वर्षांनी एक वाईट गोष्ट घडली. १८५१ मध्ये सर्वेक्षणाचे एक मोठे पाठ्यपुस्तक निघाले होते, 'मॅन्युअल ऑफ सर्व्हेइंग'. त्यातल्या गणिताच्या आणि शास्त्राच्या महत्त्वाच्या भागांसाठी राधानाथ यांचे योगदान प्रस्तावनेत मान्य केले होते. १८७५ च्या तिसऱ्या आवृत्तीत त्यांनी केलेले काम तसेच ठेवले, पण त्यांचे नाव गाळले. माणूस गेला होता, विचारणार कोण? तरीही विचारले गेले. 'फ्रेंड ऑफ इंडिया' या इंग्रजांच्याच वृत्तपत्राने यावर कडक टीका केली. पुढे भारतीय टपाल खात्याने २७ जून २००४ रोजी राधानाथ सिकदर आणि हिमालयाचे दुसरे मोठे सर्वेक्षक नैनसिंग यांच्यावर तिकीट काढले.

शिखराला त्यांचे नाव द्यायला हवे होते का? यावर आमच्या डॉर्मिटरीत बराच वाद झाला. माझे मत असे, की निरीक्षण निकोल्सन यांचे, गणित राधानाथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे, जबाबदारी वॉ यांची, यंत्र सुस्थितीत ठेवणारे हात मोहसीन हुसेन यांच्यासारख्यांचे आणि सामान वाहणारे खांदे अशा लोकांचे की ज्यांची नावेही राहिली नाहीत. एवढ्या सगळ्यांतून एकच नाव निवडायचे तर कोणावर तरी अन्याय होणारच. म्हणून डोंगराचे नाव डोंगराजवळ राहणाऱ्यांनी ठेवलेलेच असावे, हा खात्याचा मूळ नियम मला सर्वांत बरोबर वाटतो. पण पुस्तकातून नाव गाळणे ही वेगळी गोष्ट आहे. तिथे मोठेपणाचा प्रश्न नव्हता. कोणी काय केले याची खरी नोंद ठेवण्याचा प्रश्न होता, आणि मोजमाप करणाऱ्या खात्याची चुकीची नोंद तर कधीच होता कामा नये.

मोजमापाच्या साधनांचा उपयोग काय, असे कोणी विचारले तर पुस्तकी उत्तर असे आहे, की लांबी, कोन, दाब, तापमान काढण्यासाठी. राधानाथ यांच्या चरित्रातून मला आणखी एक उपयोग कळला. साधन आपल्याला आपल्या मनासारखे उत्तर देत नाही. ते साहेबाला आणि हमालाला एकच आकडा दाखवते. अशा साधनाबरोबर वर्षानुवर्षे काम करणारा माणूस हळूहळू तसाच होतो. आपल्या शाळेत फील्ड बुकमध्ये प्रत्येक नोंदीखाली वाचणाऱ्याचे आणि लिहून घेणाऱ्याचे, दोघांचीही नावे लिहायची पद्धत आहे. नवे कॅडेट्स कधी कधी कंटाळा करतात आणि एकच नाव लिहितात. मित्रांनो, दुसरे नावही लिहा. त्या रिकाम्या जागेत एके काळी राधानाथ सिकदर होते.